एकशे विसावा श्री

एकदा एका गावात एक वृद्ध गृहस्थ राहत असत. गाव लहानच, पण कधीकाळी तिथे एका संस्थानाची गादी होती. त्यामुळे गावापेक्षा गावाची ऐट मोठी. हे गृहस्थ तरुणपणी संस्थानच्या छापखान्यात जुळारी होते. लाकडी खणांतून शिशाचे खिळे उचलायचे, अक्षराला अक्षर लावायचं, ओळ बांधायची, हे त्यांचं काम. पुढे संस्थान विलीन झालं, छापखान्याला कुलूप लागलं, खिळे कुणीतरी वितळवून वजनावर विकले. जुळारी तेवढे उरले. सगळं गाव त्यांना पंत म्हणे.

पंतांना एकच नाद होता, जुनी रसीद तिकिटं जमवण्याचा. पैसे मिळाल्याच्या पावतीवर जे छोटं तिकीट चिकटवून त्यावर आडवी सही करतात, ते रसीद तिकीट. टपालाच्या तिकिटाच्या नशिबी प्रवास असतो; त्याच्यावर मोर असतात, पुढारी असतात, त्याचे चाहते जगभर असतात. रसीद तिकीट बिचारं एकदा कागदाला चिकटलं की जन्मभर तिथेच. त्याचा नाद करणारी माणसं मुळात थोडी. त्यातही पंतांकडे सुटी तिकिटं नव्हतीच. त्यांच्याकडे होते अखंड ताव, छापखान्यातून निघाले तसे, एका तावात बारा ओळी आणि ओळीत दहा, अशी एकशे वीस तिकिटं एकमेकांना धरून बसलेली.

पंतांकडे दर गुरुवारी दुपारी एक शिष्या येत असे. स्वतःला शिष्या म्हणवून घ्यायला ती संकोचायची, कारण आपल्याला काही येतं यावर तिचा फारसा विश्वास नव्हता. तिचं नाव मृणाल. बत्तीस वर्षांची, पदवी घेतलेली, नवऱ्याची बँकेतली बदली या गावात झाली म्हणून माहेरच्याच गावी परत आलेली, आणि पाच वर्षांच्या सईची आई. आई झाल्यापासून तिला जगात धडधाकट असं काही दिसेनासंच झालं होतं. पाणी उकळलं खरं, पण पुरेसं उकळलं का? बालवाडीचं फाटक बाईंनी आतून लावलं असेल ना? नवरा म्हणायचा, तुला काळजी करायला कारण लागत नाही, नुसता वेळ लागतो. त्यावर ती म्हणायची, तोच तर मिळत नाही, म्हणून कामं करता करता करते.

सई बालवाडीत असते त्या दोन तासांत ती पंतांकडे यायची. ताव हाताने धरायचा नाही, चिमट्याने धरायचा. पावसाळ्यात दोन तावांमध्ये बटरपेपर घालायचा, नाहीतर मागचा गोंद एकमेकांना धरतो. भिंग डोळ्याजवळ न्यायचं, कागद भिंगाजवळ आणायचा नाही. हे सगळं पंतांनी तिला शिकवलं होतं. आणि पहिल्याच दिवशी एक गोष्ट अशी बजावली होती की ती पुन्हा सांगावी लागली नाही. ताव मोडायचा नाही. सुटं तिकीट कितीही मोलाचं असो, तावातून तिकीट फाडणारा माणूस संग्राहक नव्हे.

तिला या नादात ओढलं होतं ते तिच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी. तेही हयात असताना नव्हे. अप्पा संस्थानच्या खजिन्यात कारकून होते, नंतर तहसील कचेरीत गेले, तिथूनच निवृत्त झाले. अत्यंत अबोल माणूस. घरात भिंतीवरच्या घड्याळाचा जेवढा आवाज तेवढाच अप्पांचा. विचारलं तर उत्तर देत, नाही असं नाही; पण काय विचारावं हे सुचेपर्यंत मृणाल एकवीस वर्षांची झाली होती, आणि त्याच वर्षी अप्पा गेले. आई त्याच्या आधीच गेली होती. तेव्हापासून गेली अकरा वर्षं तिला रोज एखादा प्रश्न सुचायचा. भाजी निवडताना सुचायचा, सईची वेणी घालताना सुचायचा. तुम्हाला लहानपणी कशाची भीती वाटायची? तुम्ही कधी कुणाशी भांडलात का? माझ्या जन्माआधी तुम्ही कसे होतात?

अप्पांनी मागे दोन गोष्टी ठेवल्या होत्या. एक टिपणवही, संस्थानच्या तिकिटांचे बारकावे सुबक अक्षरात नोंदलेली, कुठे कुठे शाईने चित्रं काढलेली. आणि पुठ्ठ्याच्या घडीत जपलेला रसीद तिकिटांचा एक ताव. त्या तावाला मधोमध एक भोक होतं. सातव्या ओळीतलं चौथं तिकीट तिथे नव्हतं.

त्या तिकिटाची खरी गोष्ट तिला पंतांकडे आल्यावर कळली. संस्थानचे जुने अधिपती वारले आणि नवे गादीवर बसले, तेव्हा जुन्या तिकिटांचे गठ्ठे खजिन्यात पडून होते. ते वाया कसे घालवायचे? म्हणून हुकूम निघाला, की त्याच तिकिटांवर काळ्या शाईत वर ‘श्री’ आणि खाली ‘एक आणा’ अशी नवी छाप मारून ती चालवावीत. हे काम आलं चोवीस वर्षांच्या पंतांकडे. एका तावाला एकशे वीस ‘श्री’ हवे होते. त्यांनी खण उपडा करून मोजले तर श्रीचे खिळे निघाले एकशे एकोणीस. नवा खिळा पुण्याहून मागवायचा तर आठ दिवस, आणि हुकूम उद्याचा. पंतांनी मग लग्नपत्रिकांच्या खणातून एक श्री उचलला. वेलांटीला डौलदार झोका, टोकाला इवलीशी कळी असलेला. सातव्या ओळीत चौथ्या जागी तो बसवून टाकला आणि मनाशी म्हणाले, इतक्या गर्दीत याच्याकडे बघतंय कोण?

पुष्कळ वर्षांनी लोक बघू लागले. जाणकारांत त्याला ‘लग्नातला श्री’ असं नावच पडलं. ज्याच्या तावात तो आहे त्याचा ताव खरा, असं म्हणू लागले. आणि मृणालच्या तावात उरलेले सगळे साधे श्री जागच्या जागी होते. नव्हता तो नेमका तोच.

अप्पा गेले तेव्हाच तिच्या मनाने घेतलं होतं, की हा ताव आपण पुरा करायचा. अप्पांचं राहिलेलं काम आहे ते. तिने पुण्याला, बेळगावला, इंदूरला पत्रं टाकली. प्रदर्शनांतून सईला कडेवर घेऊन उभी राहिली. नवरा थट्टा करायचा, की एकशे एकोणीस आहेत ना, शाळेत इतके मार्क कुणाला मिळाले असते? तिला हसू यायचं; पण रात्री सईच्या अंगावर पांघरूण घालताना वाटायचं, की उद्या हा ताव हिच्या हाती जाणार. निदान एक तरी गोष्ट आपण तिला न फाटलेली द्यावी.

आणि एके दिवशी ते तिकीट चालत घरी आलं.

जुन्या कागदपत्रांचा धंदा करणारा एक व्यापारी होता, सगळे त्याला शेठ म्हणत. संस्थानी घराण्यांची रद्दी तो पोत्यांनी घ्यायचा आणि तिच्यातली एकेक चिठ्ठी सोन्यासारखी विकायचा. गोड बोलणारा, चहाला कधी नाही न म्हणणारा. त्याने पाकिटातून लग्नातला श्री काढून टेबलावर ठेवला तेव्हा मृणालने हातातली बशी खाली ठेवली. शेठने पैशाचं नाव काढलं नाही. म्हणाला, ताई, पैसे तुमच्याकडून काय घ्यायचे, तुम्ही घरच्या. मला फक्त अप्पांची ती वही द्या. तशीही ती नुसती पडून आहे. ताव पुरा होईल, अप्पांच्या आत्म्याला शांती मिळेल. विचार करा, शुक्रवारी येतो. तिकीट खुशाल ठेवून घ्या, पंतांना दाखवा, माझा विश्वास आहे.

वही द्यायची म्हणजे अप्पांचं अक्षर द्यायचं, हे तिला कळत होतं. तिने ती पुन्हा एकदा सगळी वाचली. मग स्वतःची समजूत घातली, की वहीत आहे काय? तिकिटांचे रंग, कडेच्या दात्यांची संख्या, शाईची दाट-फिकट छटा. स्वतःविषयी अप्पांनी एक ओळ लिहिलेली नव्हती. वही अर्धी पाठच झाली आहे. ताव मात्र एकदा पुरा झाला की कायमचा पुरा होईल. असं ठरवून ती गुरुवारी पंतांकडे गेली. तिकीट खरं आहे एवढं त्यांनी म्हणावं, बाकी निर्णय झालेला होता. निदान ती रस्ताभर स्वतःला तसं सांगत गेली.

पंतांनी तिकीट चिमट्याने उचललं, भिंगाखाली धरलं. मग म्हणाले, की श्री माझाच आहे, शंका नको. त्यांनी तिकीट उलटं केलं. मागचा गोंद शाबूत होता. कडेचे दाते त्यांनी तिला भिंगातून पाहायला लावले. तिकीट फाडताना कागदाचे जे सूक्ष्म तंतू सुटतात, ते जुने असले की पिवळे पडतात. हे पांढरे होते.

“नुकतंच फाडलंय,” पंत म्हणाले. “आठ-पंधरा दिवसांत. तुला हे एक देता यावं म्हणून त्याने कुठलातरी चांगला ताव मोडलाय.”

मृणालने भिंग खाली ठेवलं. पण ती म्हणाली, की ताव शेठचा होता, मोडायचा अधिकारही त्याचाच. मी काही त्याला सांगायला गेले नव्हते. आपलं आपल्यालाच हे बोलणं पटलं नाही, म्हणून तिने तेच पुन्हा जरा मोठ्याने सांगितलं.

बदल्यात काय मागतोय, असं पंतांनी विचारलं. तिने सांगितलं.

पंत उठले. भिंतीतल्या कपाटातून त्यांनी स्वतःचा ताव आणला. तोच छाप, तेच श्री. तिने तो फार तर चार वेळा पाहिला होता, तोही श्वास आवरून. एकही दाता न दुखावलेला, एकही घडी न पडलेला. असा अखंड ताव आसपासच्या चार जिल्ह्यांत दुसरा नसेल, असं जाणकार म्हणत. पंतांनी तो टेबलावर पसरला, चिमटा बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी सातव्या ओळीवर घडी घातली. मग उभी घडी घातली. बोटाच्या नखाने घडीवरून एकदा, दोनदा दाब दिला. मृणालला वाटलं ते काही मापून दाखवत आहेत. तोवर पंतांनी हलक्या हाताने एक बाजू, मग दुसरी, मग उरलेल्या दोन अशा सोडवत लग्नातला श्री तावाबाहेर काढला होता.

 पहिल्या वर्षी तिने नुसता हाताने ताव उचलला होता, तर याच माणसाने तिला चहाही न देता घरी पाठवलं होतं.

“हे घे,” पंत म्हणाले. “शेठचं त्याला परत कर, वही तुझ्याकडे राहू दे. आता लाव हे तुझ्या तावात.”

अप्पांचा ताव तिच्याबरोबर होताच. तिने तो पुठ्ठ्यातून काढला, पांढऱ्या कागदावर पसरला आणि चिमट्याने पंतांचं तिकीट त्या रिकाम्या जागी ठेवलं. रंग तोच होता. शाई तीच. तोच श्री, तीच कळी. बारा ओळी, ओळीत दहा. अकरा वर्षं तिने मिटल्या डोळ्यांनी जे चित्र पाहिलं होतं ते उघड्या डोळ्यांसमोर होतं.

“बसलं?” पंतांनी विचारलं.

“बसलं,” ती म्हणाली. मग खाली वाकली. पंतांनी भिंग पुढे सरकवलं. ते तिकीट जागेवर होतं, पण दात दाताला लागत नव्हता. तावाचा दाता जिथे लांब तुटला होता तिथे तिकिटाचाही लांबच होता, दोन्ही एकमेकांवर चढत होते. आणि जिथे दोन्ही आखूड, तिथे बारीक फट दिसत होती. केसाएवढी. भिंग नसतं तर कुणाला दिसलीही नसती.

“नाही बसलं,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला. “पंत, हे दुसऱ्याचं आहे.”

पंतांनी मान डोलावली. मग ते बोलू लागले.

“तुझ्या वडिलांना हा ताव कसा मिळाला, हे तू मला कधी विचारलं नाहीस. संस्थान विलीन झालं तेव्हा उरलेली तिकिटं जाळायची होती. त्याआधी खजिनदारांनी आम्हा नोकरमाणसांना बोलावलं. म्हणाले, आठवण म्हणून एकेक ताव न्या. टेबलावर थप्पी होती, शंभर-सव्वाशे तावांची. आम्ही रांगेत उभे. जो तो वरचा उचलत होता. तुझे वडील माझ्या पुढे होते. बावीस-तेवीस वर्षांचे असतील. त्यांनी वरचा उचलला नाही, थप्पी चाळायला लागले. मागची मंडळी वैतागली. अहो, सगळे सारखेच आहेत, उचला की एक. ते आपले चाळतायत. शेवटी तळातून हा निघाला. खजिनदार म्हणाले, हा फाटका कशाला नेता, चांगला घ्या. तर म्हणाले, ‘हाच माझा.’ घडी न घालता, असा दोन्ही हातांवर धरून घेऊन गेले.”

मृणालने विचारलं, ते तिकीट त्यांनी कशाला लावलं होतं?

“माहीत नाही. विचारण्याइतकी आमची ओळख नव्हती. एवढं खरं, की खजिन्यातला माणूस तिकीट नेहमी कडेचं फाडतो. मधलं कुणी काढत नाही, वेळ जातो आणि ताव बिघडायची भीती. म्हणजे हे त्यांनी निवडून काढलं. एकशे एकोणीस श्री सोडून हा एक. मला वाटत होतं माझ्या त्या लबाडीकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. एकाचं गेलं होतं. आणि त्याच्याकडे असा काही कागद होता, की त्याला तोच श्री हवा होता.”

पंतांनी बोट तावावरून फिरवलं. चिमटा नव्हे, बोट.

“हे बघ, मृणाल. कागद सरकारचा. तिकीट कुठल्यातरी मोठ्या छापखान्यात छापलेलं. वरचे श्री मी जुळवले. या एकशे एकोणीस तिकिटांत तुझे वडील कुठेच नाहीत. या सबंध तावावर त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली गोष्ट एकच आहे, आणि ती बुजवायला तू अकरा वर्षं गावोगाव पत्रं टाकते आहेस.”

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल लावत होतं. तिला ती लागेपर्यंतचा सगळा खडखडाट ऐकू आला.

मग हे आधी का नाही सांगितलंत, असं तिने विचारलं तेव्हा तिच्या स्वरात थोडा राग होता. पंत हसले. म्हणाले, की सांगितलं असतं तर तू ‘हो पंत’ म्हणाली असतीस आणि दुसऱ्या दिवशी बेळगावला आणखी एक पत्र टाकलं असतंस. जागा भरल्याशिवाय तुला कळलं नसतं, की तुला ती भरायची नव्हती.

“पण तुमचा ताव,” ती म्हणाली. 

“माझा ताव अठ्ठेचाळीस वर्षं पूर्ण होता,” पंत म्हणाले. “त्याचं मी केलं काय? दर पावसाळ्यात बटरपेपर बदलला. माझ्यामागे कुणी तो पाहिला असता तर म्हणाला असता, काय सुंदर ताव आहे. कुणाचा, ते काही विचारलं नसतं. आता विचारील. ते तिकीट घेऊन जा. फाडलेलं परत जोडता येत नाही, आणि तिकीट काही पुठ्ठ्यात ठेवायला केलेलं नसतं. संस्थान नाही, कचेरी नाही. या एका आण्याला कुठे विचारणार नाहीत. तेव्हा कचेरीत द्यायचा नसेल अशाच एखाद्या कागदाला लाव.”

बालवाडी सुटायची वेळ झाली होती. ती उठली, वाकून नमस्कार केला आणि निघाली. रस्त्यात तिला फाटकाची आठवण झाली आणि ती नेहमीसारखी भराभर चालू लागली. पंतांच्या बोलण्याने माणूस एका दुपारीत बदलतो असं काही नसतं.

शुक्रवारी शेठ आला. चहा झाला. तिने त्याचं तिकीट पाकिटात घालून त्याच्यापुढे ठेवलं आणि वही द्यायची नाही म्हणून सांगितलं. शेठला आधी वाटलं, ही भाव वाढवते आहे. मग त्याने अप्पांच्या आत्म्याचा विषय काढला. मग थोडा चिडला.

“ताई, तुमच्यासाठी मी ताव मोडला. आता तुम्ही काय जन्मभर ते भोक सांभाळणार?”

“हो,” ती म्हणाली.

शेठने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने, मी यात नाही, अशा अर्थाने वर्तमानपत्र वर धरलं. शेठ निघून गेला. आपल्यामुळे कुठलातरी अनोळखी ताव मोडला, ही टोचणी मृणालला पुढे पुष्कळ दिवस राहिली. राहायलाच हवी होती.

त्याच दिवशी संध्याकाळी सई अंगणात खेळत असताना तिने अप्पांचा ताव दिव्याखाली घेतला. अकरा वर्षांत तिने तो किती वेळा पाहिला असेल. पण तिने कायम तिकिटं पाहिली होती. रिकाम्या जागेत काय पाहायचं, म्हणून तिची नजर तिथून नेहमी निसटायची. आज तिने भिंग नेमकं तिथे धरलं.

घडीची एक फिकट रेघ आडवी होती, एक उभी. म्हणजे त्यांनीही आधी घडी घातली होती, नखाने दाबली होती. डावीकडचे दाते सरळ सुटले होते. वरच्या बाजूला पहिले तीन सरळ, मग एक किंचित लांब, तिथे हात थांबलेला. मग पुन्हा सावकाश. उजवीकडे आणि खाली एकही दाता चुकलेला नव्हता. चार बाजूंना चार शेजारी होते, त्यांतल्या एकालाही ओरखडा नव्हता. हे घाईत फाडलेलं नव्हतं. एक बावीस वर्षांचा मुलगा, जो तिला कधीच भेटला नव्हता, खजिन्यातल्या टेबलाशी बसून, जीभ दाताखाली धरून, इतकं जपून हे काढत होता. का? कुणाच्या नावाच्या कागदासाठी? तो कागद आता कुठल्या पेटीत असेल, की कधीच चुलीत गेला असेल? हे तिला कळणार नव्हतं. हा प्रश्नही भाजी निवडताना आणि वेणी घालताना सुचणाऱ्या प्रश्नांत जाऊन बसला. पण इतर प्रश्नांना उत्तरच नव्हतं. याच्या उत्तराची निदान कड तिच्या हातात होती.

वरच्या बाजूला हात जिथे थांबला होता, तिथे तिने बराच वेळ बोट ठेवलं.

पंतांनी दिलेला लग्नातला श्री अजून तिच्याकडे आहे. बटरपेपरात, एकटाच. घरभाड्याचा करार झाला, विम्याचे कागद झाले, सईच्या शाळेचा दाखला आला. प्रत्येक वेळी तिने तो काढून पाहिला आणि परत ठेवला. ते सगळे कागद कचेरीत द्यायचे होते. तिकीट शोधत तिने अकरा वर्षं घालवली. आता तिकीट आहे, आणि ती कागद शोधते आहे, अप्पांना बाविसाव्या वर्षी सापडला होता तसला.